मोम्बासाला टीमबरोबर पोचलो, पण पहिले तीन दिवस नुसतं बसायचं म्हणे!

गोदाकाठ
नमस्कार आणि जय ख्रिस्त. आजवर नुसतीच वाचक होते, हा पहिलाच धागा. चूकभूल द्यावी घ्यावी.

आम्ही नाशिकच्या चर्चच्या मंडळीतले अकरा जण सध्या केनियात आहोत. मोम्बासापासून आत, रबईच्या पुढच्या एका गावात शाळेसाठी पावसाच्या पाण्याची टाकी बांधायची आणि दोन वर्गखोल्या दुरुस्त करायच्या, असं काम आहे. टीममध्ये एक प्लंबर काका, दोन नर्स, एक सिव्हिलवाला मुलगा, मी शाळेत शिक्षिका आणि बाकीचे 'सांगाल ते करू'वाले. महिला मंडळाने फनफेअर करून, तरुण संघाने कॅरल गाऊन वर्षभर टाकीचे पैसे जमवले. तिकीट ज्याचं त्याने काढलं.

मुंबईहून नैरोबी सहा तास. उतरल्यावर आमच्याच चुकीने औषधांच्या दोन बॅगा अडकल्या, कारण यादी आणि कागद बरोबर नव्हते. वह्या-पेन्सिली छान प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून नेल्या होत्या. इथे २०१७ पासून त्या पिशव्यांना बंदी आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. विमानतळावर जमिनीवर बसून अकरा माणसं पिशव्या सोडतायत आणि सहाशे पेन्सिली घरंगळतायत, असं दृश्य होतं. मग रेल्वेने मोम्बासा, पाचेक तास. वाटेत त्सावोचे हत्ती दिसले. मातीत लोळून अगदी विटकरी झालेले.

आता मूळ प्रश्न. इथल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी पोचल्या पोचल्या सांगितलं, की पहिले तीन दिवस काम नाही. घराघरांत जायचं, बसायचं, खायचं, बोलायचं. आमची रजा चौदा दिवसांची. त्यात जाण्यायेण्याचे चार गेले, हे तीन गेले, मधला रविवार गेला. उरले सहा! प्लंबर काका तर फावडं हातात घेऊन फेऱ्या मारतायत. जे याआधी अशा कामाला गेले असतील त्यांनी सांगा, हे असंच असतं का? थोडा आग्रह धरावा की गप्प बसावं?

शेंगदाणा
सहाशे पेन्सिली वाचून फुटलो. पहिल्याच धाग्यात षटकार. बसतो इथेच, चहा टाका.

मी_सायली
वाचतेय. आमच्याही चर्चमध्ये पुढच्या वर्षीचं चाललंय. यलो फीवरचं इंजेक्शन कधी घेतलंत?

गोदाकाठ
@सायली, निघायच्या महिनाभर आधी, मुंबईत. किमान दहा दिवस आधी तरी हवंच. पिवळं कार्ड नीट जपायचं, कारण परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात. नसेल तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. एकदा घेतलं की जन्मभर चालतं. मलेरियाच्या गोळ्या मात्र डॉक्टरला विचारूनच. आमच्यातल्या दोघींना डॉक्सीसायक्लिनने उन्हात चेहरा भाजल्यासारखा झालाय.

नैरोबीकर_अप्पा
ताई, केनियात स्वागत. करीबू साना. मी बावीस वर्षं नैरोबीत आहे. देवाधर्माच्या भानगडीत मी नाही, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देतो. गप्प बसा.

कारण सांगतो. इथल्या माणसाने भारतीय बघितलेला नाही असं नाही. पिढ्यानपिढ्या बघितलाय. पण कुठे? दुकानाच्या काउंटरपलीकडे, गोडाउनमध्ये, कारखान्याच्या केबिनमध्ये. आपल्याला इथे 'मुहिंदी' म्हणतात आणि मुहिंदी म्हणजे मालक. १८९६ ते १९०१ या काळात मोम्बासाहून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रेल्वे झाली, तेव्हा तीसेक हजार भारतीय मजूर आले होते. अडीच हजार इथेच मेले. ते लोक खोदकाम करत होते, घमेली उचलत होते, पण ती आठवण पुसली आणि दुकानदार तेवढा उरला. मी स्वतः माझ्या ड्रायव्हरच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेलो ते इथे येऊन नवव्या वर्षी. लाज वाटते सांगायला.

तेव्हा अकरा मुहिंदी कुणाच्या अंगणात चटईवर बसून त्यांच्या ताटातलं खातायत, हीच त्या गावात बातमी आहे. तुमच्या पाळकांना अक्कल आहे.

ता. क. वेळेचं एक लक्षात ठेवा. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', एक वाजला. त्यांचे तीन म्हणजे आपले सकाळचे नऊ.

गोदाकाठ
अप्पा!!! काल पाळकसाहेब म्हणाले, "तीन वाजता घ्यायला येतो." आम्ही सकाळी निवांत कपडे धूत बसलो होतो. नऊला दारात हजर! आम्हाला वाटलं किती उतावीळ माणूस. त्यांना वाटलं असेल, किती आळशी टीम.

शेंगदाणा
म्हणजे तिकडे ऑफिसला आठला पोचलो तरी 'दोन वाजता उगवला' म्हणणार. माझ्या साहेबाला हे कळू देऊ नका.

तिरकस
रंगाचा बेरंग करतो, माफी असावी. अकरा जणांच्या तिकिटांत टाक्या किती झाल्या असत्या? पैसे पाठवले असते तर तिथल्याच गवंड्याला काम मिळालं असतं. दुसरं, नाशिककरांना पाणी नसलेलं गाव शोधायला समुद्र ओलांडावा लागतो का? पेठ, सुरगाण्याच्या पाड्यांवर एप्रिलमध्ये बायका झऱ्यातून वाटीने पाणी भरतात. आणि तिसरं, जे सगळ्यांच्या मनात आहे पण कुणी विचारत नाही. 'मिशन' म्हणजे टाकी की बाप्तिस्मा?

अडाणी_पंडित
आली काडी. आता धाग्याचा काश्मीर होणार.

वसईवाला
तिरकसराव, तुमचा पहिला मुद्दा बरोबर आहे, तिसरा आगाऊ आहे. माझी आत्या सिस्टर, म्हणजे नन आहे. टांझानियात एकोणतीस वर्षं झाली, मुलींचं वसतिगृह चालवते. सुट्टीवर वसईला आली की सगळे तिला विचारतात, किती लोकांना ख्रिस्ती केलंस? ती म्हणते, "अरे, गणितात पास किती केल्या ते विचारा की!"

पण एक सांगतो. ती दोन आठवड्यांच्या पाहुण्या टीमांवर खूश नसते. त्यांच्यासाठी स्वयंपाक, गाडी, दुभाषा, फोटोसाठी मुली गोळा करणं, सगळं तिच्याच माथी. एकदा तिने सांगितलं होतं, की टीम गेली की वसतिगृहाला दोन दिवस सुट्टी द्यावी लागते. पाहुणचाराचा थकवा!

गोदाकाठ
@तिरकस, राग नाही, आमच्याच घरात हे प्रश्न झालेत. पेठला आम्ही दर मे महिन्यात जातो, त्याचा धागा काढला नाही एवढंच. दुसरं, इथे आम्ही कुणाला ख्रिस्ती करायला आलेलो नाही. इथले लोक आम्ही यायच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती आहेत! क्राफ नावाचा जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोम्बासाला आला. दोनच महिन्यांत त्याची बायको आणि तान्ही मुलगी गेली. न्यालीला ती कबर अजून आहे. १८४६ मध्ये रेबमान येऊन मिळाला आणि दोघांनी रबईत ठाणं केलं. आपल्या नगरचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ चं, म्हणजे फरक फक्त पंधरा वर्षांचा. शाळेच्या आसपास मुस्लिम घरंही आहेत आणि टाकीचं पाणी सगळ्यांनाच.

तिकिटांच्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. खरंच नाही.

डॉ_काटेकोर
मी दोन वर्षं मलावीत एका मिशन हॉस्पिटलात होतो (ख्रिस्ती नाही, नोकरी म्हणून गेलो होतो). टीमा येण्याबद्दल वाईट बोलणार नाही, फक्त एक किस्सा सांगतो.

एका परदेशी टीमने आजूबाजूच्या गावांत तीन दिवस रक्तदाबाचं शिबिर घेतलं. दोनशेच्या वर माणसं तपासली, साठ-सत्तर जणांना तीस दिवसांच्या गोळ्या दिल्या. काम मन लावून केलं, नोंदीही चोख. टीम गेली. एकतिसाव्या दिवसापासून ही सगळी माणसं आमच्या ओपीडीत. आमच्याकडे त्या महिन्यात हायड्रोक्लोरोथायझाईड सोडून रक्तदाबाचं दुसरं औषध नव्हतं. एका आजोबांनी शेवटची एक गोळी न खाता फडक्याच्या गाठीत बांधून आणली होती. का? तर आम्हाला दाखवायला, की 'ही पांढरी हवी'. अ‍ॅम्लोडिपिन होती. चौदा किलोमीटर चालत आले होते.

तेव्हा तुमच्या त्या दोन बॅगा अडकल्या ते एका अर्थी बरंच झालं असं म्हटलं तर मारू नका. आणि नर्स ताईंना सांगा, जवळच्या सरकारी दवाखान्यात आधी जाऊन भेटा, त्यांच्याकडे काय आहे नि काय नाही ते विचारा. परदेशी डॉक्टरला तर तिथे तात्पुरता परवाना लागतोच, नुसतं स्टेथोस्कोप गळ्यात टाकून चालत नाही.

तीन दिवस बसा. मी तर म्हणतो सहा बसा.

मी_सायली
डॉक्टर, फडक्याची गाठ वाचून पोटात कालवलं. आमच्या यादीत औषधंच औषधं आहेत. रविवारच्या मीटिंगमध्ये हा प्रतिसाद वाचून दाखवू का?

डॉ_काटेकोर
खुशाल.

पणजीकार
थोडं अवांतर. माझे पणजोबा रेल्वेच्या हापिसात कारकून म्हणून नैरोबीला गेले. आम्हा गोंयकारांचा तिथे पहिला नामांकित माणूस म्हणजे डॉ. रोझेंदो रिबेरो. हा गडी झेब्र्यावर बसून पेशंट बघायला जायचा! थाप नाही, फोटो आहे. १९०२ मध्ये नैरोबीच्या बाजारात प्लेग आहे हे त्यानेच ओळखलं, आणि साहेबाने बाजार जाळूनच टाकला.

पण अप्पा म्हणतात ते खरं. आमचे लोक देऊळ-इगर्जीचे पक्के, तरी क्लब मात्र वेगवेगळे. जिमखाना वरच्यांचा, इन्स्टिट्यूट वेगळी, शिंप्यांची सोसायटी वेगळी. आपापसांत ही तऱ्हा, तर आफ्रिकन माणसाशी कोण बसणार? अपवाद म्हणून पियो गामा पिंटो होता. केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेला आणि १९६५ मध्ये घराच्या दारातच त्याला गोळ्या घातल्या.

अडाणी_पंडित
झेब्र्याला लगाम घालणाऱ्याला टीमप्रमुख करा. अकरा जणांना तोच आवरेल.

जुनी_पानं
गोदाकाठ ताई, तुम्ही नाशिकच्या आणि मोम्बासाला आहात, आणि फ्रेअर टाउनचं नाव अजून धाग्यात आलं नाही? बसा, गोष्ट सांगतो.

अरबी गलबतांतून गुलाम पळवून नेत, तेव्हा ब्रिटिश आरमार ती गलबतं पकडायचं. सुटलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवायचे. त्यांतली बरीच नाशिकच्या शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत वाढली. सुतारकी, लोहारकी शिकली, इंग्रजीबरोबर हिंदुस्तानी-मराठीही कानांवर पडत होती. १८६५ मध्ये आफ्रिका धुंडाळणारा स्कॉटिश प्रवासी लिव्हिंग्स्टन मुंबईला आला आणि शरणपूरची नऊ मुलं तिकडच्या शेवटच्या सफरीला घेऊन गेला. 'नासिक बॉईज' म्हणून ही मुलं ओळखली जात. पुढे १८७३ मध्ये आजच्या झांबियात तो वारला, तेव्हा सोबतच्या लोकांनी त्याचं काळीज तिथेच झाडाखाली पुरलं आणि शव वाळवून हजार मैलांहून जास्त अंतर किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. पुरताना प्रार्थना वाचली ती जेकब वेनराइटने, तोही शरणपूरचाच. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

याच सुमारास बार्टल फ्रेअर, जो आधी मुंबईचा गव्हर्नर होता, त्याने झांझिबारच्या सुलतानावर गुलामांचा बाजार बंद करायला दबाव आणला. मग सुटलेल्या गुलामांसाठी मोम्बासासमोर मुख्य भूमीवर वसाहत झाली, १८७४-७५ मध्ये. तीच फ्रेअर टाउन. ती वसवायला कोण गेलं? डब्ल्यू. एस. प्राइस, ज्याने आधी शरणपूर चालवलं होतं. आणि शिक्षक, कारागीर, उपदेशक म्हणून त्याच्याबरोबर नाशकात वाढलेले आफ्रिकी. त्यांतले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर १८८५ मध्ये दीक्षित पाळक झाले. जोन्स तर तुमच्या रबईलाच होता.

म्हणजे नाशिकहून तिकडे गेलेली मिशनची पहिली टीम तुमची नव्हे. दीडशे वर्षांपूर्वीच एक येऊन गेलीय.

शेंगदाणा
या आयडीला कुणीतरी मानधन द्या हो.

नैरोबीकर_अप्पा
बावीस वर्षांत त्या 'केंगेलेनी' चौकातून शंभर वेळा गेलो असेन. तिथे जुनी घंटा आहे, फ्रेअर टाउनची. केंगेले म्हणजे घंटा, एवढंच माहीत होतं. नाशिकचं माहीत नव्हतं. वाचनखूण साठवली.

तिरकस
बरं, हे मला माहीत नव्हतं. जोन्ससाहेबांबद्दल अजून असेल तर लिहा. (तिकिटांचा मुद्दा कायम.)

संपादक मंडळ
धर्मांतरावरचे चार प्रतिसाद उडवले आहेत. तो वाद घालायला वेगळे धागे आहेत, इथे नको.

अडाणी_पंडित
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गोदाकाठ
तीन दिवस रेंज नव्हती. आता मोम्बासात आलेय सिमेंट घ्यायला, तेवढ्यात लिहिते.

आम्ही बसलो. सात घरं झाली. पहिल्या घरी खूप अवघडलो, मग सकाळच्या खाण्याला महाम्री (तळलेले गोडसर पाव) आणि म्बाझी आली. म्बाझी म्हणजे काय माहितेय? नारळाच्या दुधात शिजवलेले तुरीचे दाणे! आमच्यातल्या एक कोकणातल्या मावशी रडायच्याच बाकी होत्या. त्यांनी हातवारे करून मोहरी आहे का विचारलं, यजमानीणबाई हसून लोटपोट. इथे माडाच्या झावळ्यांची छपरं, माडी उतरवणारे, कसाव्याची शेतं, मधूनच वाटतं मालवणला आलोय. भाषेतही किती शब्द ओळखीचे! गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', हिशेबाला 'हेसाबु', कोशिंबिरीला 'काचुम्बारी'.

आता टाकी. नाशकात बसून फोटोंवरून आम्ही जागा ठरवली होती, शाळेच्या पुढच्या बाजूला, फाटकाजवळ. दिसायला छान, पाटी लावायलाही. चौथ्या घरातल्या बाईने विचारलं, टाकीत पाणी येणार कुठून? म्हटलं छपरावरून. ती म्हणाली, पुढच्या इमारतीचं छप्पर तर झावळ्यांचं आहे. पत्र्याचं मागचं! पुढचं छप्पर जुन्या फोटोत पत्र्याचं होतं, वाऱ्याने उडालं आणि तात्पुरत्या झावळ्या घातल्यात, हे आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं आणि आम्ही विचारलंही नव्हतं. झावळ्यांवरून पाणी येतं ते कचऱ्याचं, काळं. मागच्या छपराला पन्हळ नाही. म्हणजे आधी पन्हळ, मग टाकी.

सिव्हिलवाल्या मुलाने रात्री हिशेब मांडला. छप्पर साधारण शंभर चौरस मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर पाऊस पडला की हजार लिटर. दहा हजारांची टाकी भरायला दहा सेंटिमीटर. मार्च ते मे मोठा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा. जमतंय. पण पन्हळीचे पैसे बजेटात नव्हते. ते वह्यांच्या आणि 'टीमच्या टी-शर्टांच्या' खात्यातून काढले.

प्लंबर काकांना इथला फुंदी भेटलाय. कारागिराला फुंदी म्हणतात. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही आणि दोघंही दिवसभर भांडतात. काका म्हणतात उतार एवढा, तो म्हणतो एवढा. शेवटी फुंदीने बादलीभर पाणी ओतून दाखवलं. काकांनी मान्य केलं. गेल्या वीस वर्षांत काकांनी काही मान्य केल्याचं आम्ही पहिल्यांदा पाहिलं.

जुनी_पानं, तुमच्यासाठी मुद्दाम. आज फ्रेअर टाउनच्या चर्चला गेलो होतो. तिथल्या एका वडीलधाऱ्यांना म्हटलं, आम्ही नासिकहून आलो. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, लहानपणी घरात 'नासिक' हा शब्द ऐकलाय, पण ते माणसांच्या एका जमातीचं नाव आहे असंच मला वाटायचं. गाव असेल असं डोक्यातच आलं नाही. मी मोबाइलवर गोदाघाटाचा फोटो दाखवला. त्यांनी मोठा करून करून बघितला आणि विचारलं, हे चर्च कुठेय यात?

जुनी_पानं
आज दुसरं काही वाचणार नाही.

वसईवाला
टी-शर्ट रद्द केल्याबद्दल आत्यातर्फे आशीर्वाद.

डॉ_काटेकोर
नर्स ताई दवाखान्यात गेल्या का?

गोदाकाठ
हो. तिथल्या सिस्टरने औषधं नकोत म्हणून सांगितलं. बाळांचं वजन करायचा काटा बिघडलाय म्हणाली. आमच्या मुलाने उघडून बघितला, स्प्रिंगच गेलीय. नवा मोम्बासात मिळतो, आज सिमेंटबरोबर घेतेय. एम-पेसावरून, म्हणजे मोबाइलवरून, पैसे द्यायला शिकलेय.

तिरकस
ताई, एक प्रामाणिक प्रश्न, टोमणा नाही. ही छपराची आणि काट्याची गोष्ट फोनवर विचारली असती तर कळली नसती का? त्यासाठी जायलाच हवं होतं?

गोदाकाठ
कळली असती कदाचित. पाळकसाहेबांशी वर्षभर फोन चालू होते. आम्ही विचारलं होतं, "टाकी कुठे बांधू?" ते म्हणाले होते, "तुम्हाला बरं वाटेल तिथे." आता विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? तर म्हणाले, पैसे देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं. मी यावर रात्रभर विचार करतेय.

नैरोबीकर_अप्पा
काउंटर, ताई. फोनवरही असतो तो.

मी_सायली
म्बाझीची पाककृती मिळेल का? आणि पन्हळीला एकूण खर्च किती आला?

गोदाकाठ
पाककृती मावशी टाकतील. त्या आता बाईंकडून नारळ खवायची ती घोडीसारखी बसायची विळी विकत घ्यायच्या मागे लागल्यात. खर्चाचा आकडा सगळी बिलं जमली की लिहिते. आता पळते, गाडी आली. उद्या पन्हळ चढवायची आहे, फुंदीने बरोबर दोन वाजता यायला सांगितलंय. म्हणजे आठ, आता कळतं आम्हाला.

नैरोबीकर_अप्पा
सकाळचे की रात्रीचे, ते विचारून घ्या.